बोट चालते दोन बोटांवर

मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात टेम्पो भरून झाला की क्लीनर टपावर चढतो, ताडपत्री पसरतो आणि दोर खाली सोडतो. खाली उभा असलेला ड्रायव्हर दोराच्या मध्यावर एक फास पाडतो, टोक हुकाखालून घेऊन त्या फासातून काढतो आणि अंगाचा भार टाकून खेचतो. ताडपत्री पखवाजाच्या पुडीसारखी ताठ! जोर एकाच माणसाचा, पण दोराने घेतलेल्या वळणांमुळे हिशेबाने तो तिप्पट व्हायला हवा. घर्षण त्यातला बराचसा खातं, तरी उरतो तेवढा पुरतो.

हौशी माणसाच्या छोट्या शिडाच्या बोटीवरही हीच करामत चालते. शीड चढवणाऱ्या दोराला हॅलयार्ड म्हणतात. मूळ शब्द ‘ओढणं’ या अर्थाचा, त्याला ‘यार्ड’ हे शेपूट नंतर जुळलं; मार्केट यार्डाशी त्याचं नातं उच्चारापुरतंच. हा दोर डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीतून खाली येतो आणि दोर अडकवायच्या खुंटीला, म्हणजे क्लीटला, अडकतो. नवख्याला वाटतं, शीड वर गेलं, काम संपलं. खरं काम शेवटच्या दोन बोटांच्या उंचीत असतं.

शीड वरवर सपाट दिसतं, पण त्याच्या पट्ट्या किंचित गोलाईत कापून शिवलेल्या असतात. वारा भरला की त्याला पोट येतं आणि त्या पोटावरच बोट चालते. डोलकाठीलगतची कड ढिली असेल तर तिथून आडव्या सुरकुत्या निघतात. फाजील ताणली तर काठीला समांतर उभी घडी पडते. वारा मंद असताना कड जराशी सैल ठेवायची, म्हणजे पोट भरदार राहतं. वारा वाढला की मात्र पोट मागे सरकतं आणि बोट एका अंगावर कलू लागते. तेव्हा कड ताणायची. पोट पुढे येतं, बोट सावरते.

दर वेळी हॅलयार्डशी झटापट नको म्हणून शिडाच्या खालच्या कोपऱ्याजवळ एक भोक ठेवतात. त्यातून दोर ओवून कड खाली खेचायची. अमेरिकी नौकापटू ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या नावावरून या दोराला कनिंगहॅम म्हणतात. दोर भोकातून वळवून खेचल्याने ताकद वाढते. म्हणजे टेम्पोवाल्याचाच हिशेब.

उंचीला दुसरीही बाजू आहे. शीड खाली राहिलं तर खालची आडवी काठी, म्हणजे बूम, तेवढीच खाली लोंबते आणि बोट वळताना डोक्यावर बसते. मुलांच्या ऑप्टिमिस्ट बोटीत तर शीड डोलकाठीला छोट्या छोट्या दोऱ्यांनी बांधतात आणि ते किती वर जाऊ शकतं याच्या खुणा काठीवरच असतात. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात आखलेली ही बोट जेमतेम ३५ किलोची, पण जगभरातली कितीतरी मुलं शीड बांधायला तिच्यावरच शिकतात.

मोठ्यांच्या शर्यतीतही हीच बारकाई लागते. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल बोटीत सुवर्णपदक मिळवलं. अशा शर्यतीत बोटीचं माप आणि शिडाचं क्षेत्रफळ सगळ्यांना सारखंच. मग फरक पाडतात डोळे, हात आणि दोर.

दोर घेताना मात्र बाजारातला टेम्पोवाल्याचा दोर उचलू नये. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त दोर पाण्यावर तरंगतो, म्हणून बुडणाऱ्याकडे फेकायला उत्तम. पण उन्हाने तो लवकर ठिसूळ होतो. नायलॉन ताणाखाली बराच लांबतो, म्हणून तो नांगराला चांगला. हॅलयार्डला कमी ताणला जाणारा पॉलिएस्टर किंवा डायनीमाच हवा, नाहीतर किनाऱ्यावर ताठ दिसलेलं शीड पाण्यात ढिलं पडतं.

शीड एकदा मनासारखं बसलं की हॅलयार्डवर, क्लीटच्या अगदी तोंडाशी, रंगीत दोऱ्याचे चार वेढे घट्ट गुंडाळून ठेवा. पुढच्या खेपेला वर बघत बसावं लागणार नाही.