छत्तीसचा आकडा आणि पोटफोड्या ष

दोघांचं जमत नसलं की आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. पहिलीतल्या मुलाला हे भांडण ठाऊकच नसतं. ते ३ काढायला घेतं, पाटीवर ६ उमटतो, आणि विचारलं तर शांतपणे ‘तीन’ म्हणतं. मी शिकवायला लागले तेव्हा अशा मुलांना दहा-दहा ओळी गिरवायला देत असे आणि प्रगतिपुस्तकात लिहीत असे, ‘नजर पक्की नाही’. हा शेरा मी शोधलेला नव्हता. त्यामागे एक जुनी समजूत होती. ती कुठून आली आणि कशी मोडीत निघाली हे मला निवृत्ती जवळ आल्यावर कळलं.

सुरुवात चांगली होती. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांतला दट्ट्यांचा ठोकळा अजून काही बालवाड्यांत दिसतो. दहा खाचा, दहा दट्टे. एक दट्टा भलत्या खाचेत गेला की शेवटचा उरतो, तो काही केल्या बसत नाही. ‘चुकलं’ असं बाईंना म्हणावं लागत नाही, ठोकळाच म्हणतो. मग खरखरीत कागदाची अक्षरं. मूल अक्षरावरून बोट फिरवतं आणि त्याच वेळी त्याचा आवाज काढतं. हे ‘त्याच वेळी’ पुढे बरेच जण विसरले.

भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बस्तान हलवलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. खेड्यात महागडी लाकडी साधनं कुठून आणणार? खडे, शिंपले, बिया, पानं-फुलं कामाला लागली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर तर मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात गेली. या प्रयोगांचं कौतुक बहुतेक वेळा काटकसरीसाठी होतं. मला त्यात दुसरंच दिसतं. कळपातली आपली गाय लांबून ओळखणारं, रानातलं कुठलं पान कामाचं आणि कुठलं नाही हे जाणणारं वारली पोर समोर असताना ‘याची नजर कच्ची’ म्हणायची कुणाची छाती होणार?

शहरी शाळेत मात्र ती होत होती, आणि त्यामागची समजूत परदेशातून आली होती. १९२५ मध्ये आयोवाच्या डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी वाचनात अडणाऱ्या मुलांच्या उलटसुलट अक्षरांवर बोट ठेवलं आणि मेंदूच्या दोन बाजूंतल्या प्रतिमांचा गोंधळ होत असावा असं अनुमान काढलं. १९६० च्या दशकात लॉस एंजलिसच्या मारिआन फ्रॉस्टिग यांनी मुलांच्या दृष्टिबोधाची पाच भागांची चाचणी पुढे आणली. हात-डोळ्यांचा मेळ, गिचमिडीतून आकृती शोधणं, आकार वळवला तरी ओळखणं, असे ते भाग. पाठोपाठ सरावाच्या पुस्तिका आल्या. आमच्या शाळेत ‘वाचनपूर्व तयारी’ म्हणून जी पुस्तकं यायची ती याच घराण्यातली. चार बदकं डावीकडे पाहणारी, एक उजवीकडे. वेगळ्याला गोल करा. मुलं आनंदानं करायची. मीही खूश.

खरं तर तिकडे या इमारतीचा पाया तेव्हाच हलला होता. १९६२ मध्ये एलेनॉर गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांना अक्षरांसारख्या बनावट आकृत्या दाखवल्या. आकृतीची रेघ कुठे तुटली किंवा जुळली तर चार वर्षांच्या मुलांनाही ते बऱ्यापैकी कळत होतं. आकृती उलटी किंवा फिरवलेली असेल तर लहान मुलं तिला ‘तीच’ म्हणत. आठव्या वर्षापर्यंत ही चूक जवळपास नाहीशी होई. म्हणजे दिसत सगळंच होतं. कुठला फरक धरायचा आणि कुठला सोडायचा, एवढंच शिकायचं राहिलं होतं.

सोडायचा का, तेही उघड आहे. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच. आई कुठल्याही बाजूनं आली तरी आई. पाच-सहा वर्षं जगानं मुलाला हेच शिकवलेलं असतं. मग एके दिवशी शाळा सांगते की ३ ला फिरवलं तर तो ३ राहत नाही! फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात हे मेंदूच्या बाजूनं मांडलं: वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा वाचनासाठी कामाला जुंपला जातो, आणि आरशातली प्रतिमा ‘तीच’ मानायची त्याची जुनी सवय मोडावी लागते. ज्या लिपीला गरज नसते तिच्या वाचकांची ती सवय मोडतही नाही. फक्त तमिळ वाचता येणाऱ्या प्रौढांनाही आरशातली आकृती मूळ आकृतीसारखीच वाटते, असं १९९८ मध्ये एका अभ्यासात दिसलं; तमिळमध्ये इंग्रजीच्या बी-डीसारख्या जोड्या नाहीत. आपल्या मुळाक्षरांतही नाहीत. आपला आरसा आकड्यांत आहे.

बदकांचं काय झालं? १९७० च्या दशकात अशा सरावांच्या अभ्यासांचे आढावे निघाले आणि सरावानं वाचन सुधारल्याचा भरवशाचा पुरावा काही हाती लागला नाही. त्याच दशकात फ्रँक व्हेलुटिनो यांनी अडखळत वाचणाऱ्या आणि नीट वाचणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरं दाखवून आठवणीतून काढायला सांगितली. हिब्रू कुणालाच येत नव्हती. दोन्ही गट सारखेच उतरले. दोष डोळ्यांचा असता तर तो हिब्रूतही दिसायला हवा होता. अडचण बहुतेकांच्या बाबतीत आकार आणि आवाज यांची गाठ मारण्यात होती.

मराठीत ही गाठ जरा वेगळी बसते. घ-ध, म-भ, य-थ या जोड्यांनी मला वर्षानुवर्षं छळलं. मग एकदा फळ्यावर तिन्ही जोड्या एकाखाली एक लिहिल्या आणि मुलांना नुसतं बघा म्हटलं. एक मुलगी म्हणाली, “बाई, याच्या टोपीला भोक आहे.” ध, भ, थ यांची शिरोरेषा डाव्या अंगाला तुटते, घ, म, य यांची सलग जाते. तीन गोंधळ एका टोपीत मिटले. ‘पोटफोड्या ष’ म्हणणाऱ्यांना ही युक्ती फार आधी सुचली होती. पण ‘गमभन’चं माझं काही खरं जमलं नाही. हाताला ते सोपं, वळणातून वळण निघतं. नजरेला मात्र एका घासात म आणि भ. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या वाचन शिकवण्याच्या कामात मुळाक्षरांची अख्खी रांग आधी संपवायचा हट्ट नाही. थोडी अक्षरं, सोबत लगेच काही स्वरचिन्हं, आणि त्यांतून अर्थाचे शब्द. मला हे फार उशिरा समजलं.

तरी वेलांटी आहेच. ‘पिन’मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडात आधी प येतो. ‘सूर्य’मधला र बोलायचा आधी, बसलाय मात्र य च्या डोक्यावर. ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजे जोडाक्षरं सोडूनच चारशेवर रूपं. सोनाली नाग यांच्या कन्नडमधल्या अभ्यासात चौथीतली मुलंही अजून अक्षरं पक्की करताना दिसली, यात नवल नाही. आणि वर उलटा धडा: पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा ल दिसायला वेगळे, पण एकच. शासनानं २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले. मोबाइलवर अजून दोन्ही भेटतात.

२००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला. त्यानं घराघरात सहानुभूती पोचवली, त्याचे उपकार मोठे. पण पडद्यावर नाचणारी अक्षरं पाहून डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांचाच खेळ, हा समज पालकसभेत मला पुन्हा नव्यानं खोडावा लागला. जो समज मी स्वतः प्रगतिपुस्तकांत लिहून ठेवला होता, तोच.

तुमच्या घरातलं पहिलीतलं मूल ३ उलटा काढत असेल, तर आधी त्याला चष्मा लागतो का तेवढं तपासून घ्या. लागत नसेल तर बदकांचं पुस्तक मिटा, दोन चिठ्ठ्यांवर ‘घर’ आणि ‘धर’ लिहा, आणि मोठ्यानं वाचत त्याच्याशी खेळा.