पाण्याचा नमुना : पातळ करणे व आटविणे

खाऱ्या विहिरीचे पाणी क्लोराइड मोजण्यासाठी प्रयोगशाळेत तसेच घेतले, तर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण फार खर्ची पडते. म्हणून 10 मिलिलिटर पाणी मोजून घेतात, त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालून 100 मिलिलिटर करतात व आलेला आकडा 10 ने गुणितात. मात्र मोजणीतील लहानशी चूकही त्याबरोबर दसपट होते.

जस्तासारखे द्रव्य अत्यल्प असल्यास याच्या उलट करावे लागते. एक लिटर पाण्यात थोडे आम्ल घालून ते 100 मिलिलिटर होईपर्यंत आटवितात व आकड्यास 10 ने भागतात. आम्ल नसेल तर, बंबाच्या तळाशी साचतो तसा, चुना खाली बसतो आणि जस्तही त्याबरोबर अडकते.

ही दोन्ही कामे मोजून होतात; विहिरीवर मात्र ती नकळत घडतात. बाटलीत धुण्याचे पाणी उरले, तर नमुना पातळ होतो. ती उन्हात उघडी राहिली, तर पाणी उडून क्षार वाढलेले दिसतात आणि बऱ्यापैकी विहीर खारी ठरते. किती पाणी उडाले हे कोणासच ठाऊक नसल्याने तो आकडा प्रयोगशाळेस दुरुस्त करता येत नाही. यासाठी बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी व बूच तेथेच घट्ट लावावे.