डोळ्याला फसवायचं म्हणजे…

मैत्रिणींनो, हल्ली सिनेमात डोंगर कोसळतात, वाघ अंगावर येतात आणि त्यातलं बरंचसं कॉम्प्युटरवर केलेलं असतं, हे शेंबडं पोरही सांगतं. तरी काही दृश्यं खरी वाटतात, काही बघताक्षणी खोटी. असं का बरं?

भरे गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. पडद्यावर नायिका भात लावताना दिसली की आमच्या मुळशीतल्या बायका आधी तिचे पाय बघतात. चिखलातून पाय उपसताना कमरेला हिसका बसला का? लुगड्याचा ओला काठ पोटरीला चिकटला का? मागचा डोंगर जवळच्या बांधाइतकाच हिरवागार दिसला, तर संपलंच! पावसाळी हवेत लांबचं सगळं निळसर, धुरकट दिसतं. व्हीएफएक्स करणारे कारागीर हेच तर सांभाळतात. उजेड कुठून येतो, वस्तू जमिनीला टेकते तिथं सावली किती दाट, वजन कसं जाणवतं. रेखीवपणा जास्त झाला, की उलट संशय येतो.

प्रभातच्या मंडळींना हे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी उमगलं होतं. १९३६ चा दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आठवा. शेवटी गरुड येतो आणि तुकोबांना वैकुंठाला नेतो. आजच्या नजरेला ती ट्रिक लगेच कळते. पण त्याआधी आपण गौरीबाईंची जिजाई पाहिलेली असते. तिची भांडणं, तिची पोरं, तिचा कष्टाचा संसार, सगळं इतकं खरं, की गरुडावरही विश्वास बसतो. मला तर कोट्यवधी खर्चून केलेल्या कितीतरी दृश्यांपेक्षा तो गरुड बरा वाटतो!

त्याही आधी दादासाहेब फाळके. (चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहायच्या त्या सरस्वतीबाई, हेही सांगायला हवं.) १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली होती त्यांची लेक मंदाकिनी. फाळक्यांनी सुरुवातीलाच तिचा नुसता चेहरा दाखवला, निरनिराळ्या भावांसकट. ही आमची मुलगी, आता हिचा कृष्ण होणार, असं जणू उघड सांगून मग जादू केली.

आता मात्र न सांगता केली जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा म्हणून एक व्हिडिओ फिरला. लिफ्ट खरी, उजेड खरा, अंगही एका खऱ्या बाईचं. बदलला होता फक्त चेहरा. बाकी सगळं खरं असल्यामुळे डोळा सहज फसला. जिजाईमुळे गरुड पटतो ना, तसंच हे. फक्त इथं एका बाईची अब्रू पणाला लागते.

आपल्या लेकी-सुनांचे फोटोही मोबाइलवर असतातच. असं काही घडलं तर आधी तिच्यावर डोळे वटारू नका. लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा.