रात्रीचा हमरस्ता आणि आपली झोप

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमरावतीहून मामांकडे जातो. मामांचे घर अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात, हमरस्त्यापासून जेमतेम पन्नास पावलांवर. वडीलधारी मंडळी या रस्त्याला अजूनही ‘सहा नंबर’ म्हणतात. कागदोपत्री तो आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अमरावती-अकोल्याच्या माणसाला त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. त्या रस्त्याच्या कडेला जे निजतात त्यांची नोंद कोणत्याच बुकात नसते, हे मात्र मला यंदाच्या सुट्टीत सुचले.

मानसशास्त्र हा माझा विषय. त्यामुळे एका रात्री वही-पेन्सिल घेऊन मी गच्चीवरच जागत बसलो. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात घरात निजणे म्हणजे भट्टीत निजणे, म्हणून सर्वांच्या गाद्या गच्चीवर होत्या. ट्रक मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे तो नाद सोडून दिला. मग नुसते मामीकडे पाहत राहिलो. मोठा ट्रक गेला, की कधी ती कूस बदलायची, कधी हात हलायचा, कधी श्वासाची लय तुटायची. सकाळी विचारले, तर म्हणते, “रातभर गाढ झोपली मी. कायचे टरक अन् कायचं काय! आता कानाले सवय झाली बाप्पा.”

मामी खोटे बोलत नव्हती. डोळ्यांना पापण्या आहेत, कानाला नाहीत. झोपेतही ध्वनी मेंदूपर्यंत पोहोचतोच. मेंदूच्या आत थॅलॅमस नावाचा भाग आहे, तो द्वारपालासारखा बरेच आवाज बाहेरच थोपवतो. पण महत्त्वाचा किंवा धोक्याचा आवाज असेल, तर आत सोडतो. म्हणूनच बाळ जरासे कुरकुरले, की आई उठते, आणि गाढ झोपलेला माणूस स्वतःच्या नावाने जागा होतो. रोजच्या ट्रकचा आवाज द्वारपालाच्या परिचयाचा होतो, आणि काही रात्रींनंतर पूर्ण जाग येणे कमी होते. यालाच आपण सवय म्हणतो.

परंतु ही सवय अर्धवट आहे. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे अलँ म्यूझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना वाहनांचे आवाज ऐकवून त्यांच्या नाडीची नोंद घेतली. जाग येणे कमी झाले तरी प्रत्येक आवाजाबरोबर हृदयाची गती बदलणे काही थांबले नाही. मनाला सवय झाली, हृदयाला झाली नाही. क्षणभर झोप उथळ होते, नाडी जलद होते, रक्तदाब किंचित चढतो, आणि सकाळी यातले काहीही आठवत नाही. वर्षानुवर्षे हे चालले, तर हृदयविकाराचा धोका वाढतो असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. मामीला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिचे कारण रस्ताच, असे मी म्हणणार नाही. अनेक कारणे असतात. पण डॉक्टरांनी तिला “नीट झोपत जा” असे सांगितले, तेव्हा तिने “झोपतेच तं!” असे उत्तर दिले, ते मला आता हसण्यावारी नेता येत नाही.

ध्वनी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप सरळ बेरजेचे नाही: दहा डेसिबल वाढले, की आवाज कानाला सुमारे दुप्पट वाटतो. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितले, की झोपण्याच्या जागी आवाज ३२ डेसिबलच्या वर उसळला, की झोपलेल्याची चुळबुळ वाढू लागते, आणि ४२ च्या पुढे जागच येऊ शकते. पुन्हा ४५ ही मर्यादा सरासरीची. दोन ट्रकांमध्ये पाच मिनिटे शांतता असेल तर सरासरी खाली येते. झोपमोड मात्र त्या एकेका ट्रकनेच होते. शांततेतून आवाज एकदम उसळणे, हेच खरे दुखणे.

यात गच्चीची भर. बंद खिडकी बराच आवाज अडवते, गच्चीवर अडवायला काहीच नाही. शिवाय निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा लवकर निवते, वरची उबदार राहते, आणि त्यामुळे वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा न ऐकू येणारी दूरची रेल्वेची शिट्टी रात्री अगदी उशाशी वाजते, ती यामुळेच.

रस्ता गुळगुळीत झाला, तेव्हा खड्ड्यात आदळून वाजणारे रिकाम्या ट्रकचे फाळके गप्प झाले, हे कबूल. पण वेग वाढला, आणि वेगाबरोबर टायरची घरघर वाढते. त्यातच मामांच्या घरासमोर गतिरोधक आहे. तिथे ब्रेकचा चीत्कार, फाळक्यांचा खडखडाट, मग गिअर बदलून इंजिनाचा हुंकार, असे तीन अंक प्रत्येक ट्रक सादर करतो. वर हॉर्न. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द ट्रकवर लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये मनाई झाली, आणि निवासी भागात रात्री आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवू नये, असा नियम २०१० पासून आहे. ट्रकचालकाला तरी दोष किती द्यावा? तोही बिचारा झोपेशीच झुंजत असतो.

खाली खोलीत कूलर आहे. त्याची एकसुरी घरघर ट्रकचा आवाज बरीच झाकते, कारण उसळी लहान वाटते. पण रात्री लाइन गेली, की कूलर बंद, आणि सारा हमरस्ता एकदम घरात शिरतो.

शेवटी मी मामीची बाज मागच्या अंगणात, घराच्या आडोशाला नेली. भिंतीमुळे तिथे आवाज खरोखरच कमी आहे. दोन रात्री ती तिथे निजली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तिकडं सुनं-सुनं लागते रे, झोपच येत नाही.” मी पुष्कळ समजावले. सुट्टी संपून मी अमरावतीला निघालो तेव्हा बाज अंगणातच होती. तिच्यावर मामा निजत होते, मामी पुन्हा गच्चीवर.