टेलिफोन : नाव आणि वहिवाट

'दूर' व 'ध्वनी' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून सिद्ध झालेले 'टेलिफोन' हे नाव, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ साली अमेरिकेत पेटंट मिळण्यापूर्वीच, जर्मनीतील फिलिप राइस यांनी १८६१ मध्ये आपल्या उपकरणास योजिले होते. सबब नामकरणाचे श्रेय बेल यांजकडे जात नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे एक्स्चेंजे १८८२ साली उघडली. 'दूरध्वनी' हा प्रतिशब्द सरकारी दप्तरी आणि निमंत्रणपत्रिकांत स्थिरावला खरा. घरोघरी मात्र फोन 'लावतात', 'उचलतात' आणि, रिसीव्हर जागेवर ठेवण्याची कृतीच बहुतांशी संपुष्टात आली असताही, 'ठेवतात'. परगावी बोलावयाचे तर एक्स्चेंजकडे 'ट्रंक कॉल' नोंदवून, कित्येकदा तासन् तास तिष्ठत बसून, जोडणी मिळताच तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने, आणि बहुधा ओरडूनच, बोलावे लागे. निकड असल्यास 'अर्जंट' वा त्याहून महागड्या 'लाइटनिंग' कॉलची तजवीज होती. ऑपरेटरच्या मध्यस्थीवाचून परगावचा क्रमांक थेट फिरविण्याची सोय देशात प्रथम १९६० साली, कानपूर व लखनौ या दोन शहरांदरम्यान, सुरू झाली.