चित्रफितींतला मासोपुस्त
‘बॅलन डी’ओर’ हा तेव्हा युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा पुरस्कार १९६२ मध्ये मिळवणारे चेक खेळाडू योसेफ मासोपुस्त यांची आंतरजालावरील लोकप्रियता जुन्या कृष्णधवल चित्रफितींवर उभी आहे; कारण त्याच वर्षी चिलीतील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध त्यांनी १५व्या मिनिटाला केलेला गोल आजही पाहता येतो. बर्फावरील नागमोडी शर्यतीवरून ‘स्लालोम’ म्हटली जाणारी, बचावपटूंना एकामागून एक चुकवत चेंडू पुढे नेण्याची त्यांची लकब तर पाहूनच नीट कळते. याउलट, प्रशिक्षक या नात्याने १९७८ मध्ये त्यांनी झ्ब्रोयोव्का ब्रनो संघाला चेकोस्लोव्हाकियाचे विजेतेपद मिळवून दिले, ही कामगिरी छोट्या फितीत मावत नसल्याने मागे पडते, आणि हा त्यांच्यावर अन्यायच आहे. ब्रनोच्या त्या क्लबचे ते आजवरचे एकमेव साखळी विजेतेपद आहे.