पांढऱ्या कांद्याची माळ

अलिबागला गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. वाटेत कोणी पेणचे पापड घेतो, कोणी पोहे. माझी खरेदी ठरलेली : उन्हाळ्यात रस्त्याकडेला टांगलेली पांढऱ्या कांद्याची माळ.

भात निघाले की त्याच जमिनीत हा कांदा लावतात. चवीला गोडसर, तिखटपणा बेताचा. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण भलतीकडचा पांढरा कांदाही 'अलिबागचा' म्हणून खपतो. मीही एकदा फसलो. कांदा चिरताना सौभाग्यवतींनी डोळे पुसत विचारले, "हा कुठल्या अलिबागचा?"

तेव्हापासून मी कार्ले, खंडाळे या गावांत शेतकऱ्याच्या दारातच घेतो. बँकेत असताना पीककर्जाच्या अर्जावर बियाणे, खत, मजुरी सारे वाचले होते. अंगणात बसून सुकलेल्या पातीची वेणी घालणाऱ्या घरच्या बायकांचा रकाना मात्र कधी दिसला नाही.

गेल्या वर्षी अशाच एका ताईंशी मी दहा रुपयांसाठी घासाघीस करीत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, एक माळ तुम्हीच विणा, मग भाव सांगा."

बसलो. तिसऱ्या कांद्यालाच वेणी सुटली. त्या हसल्या, मीही हसलो. आणि सांगितल्या भावाने दोन माळा घेतल्या.